आमची व्हॅन आणि सासूबाईंचं माहेर

आमच्या आंबिवलीत 'गाडी' म्हटलं की ती कसाऱ्याची नाहीतर टिटवाळ्याची. कल्याणनंतर शहाड, मग आंबिवली, मग टिटवाळा. "गाडी चुकली", "गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती", ही आमची उठता-बसता वाक्यं. त्यामुळे दारात जी चार चाकांची उभी असते तिला गाडी म्हणायला घरात कुणी तयार नाही. ती नुसती 'व्हॅन'. शेजारच्या काकू तर सरळ 'डबा' म्हणतात.

डबा म्हणायला हरकत नाही म्हणा! मारुतीची ही व्हॅन १९८४ मध्ये निघाली आणि १९८८ पासून तिला 'ओम्नी' नाव मिळालं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं छोटंसं इंजिन, तेही पुढच्या सीटच्या खाली. लांबी साडेतीन मीटरसुद्धा नाही. पण पुढे बॉनेटचं नाक नसल्यामुळे सगळी लांबी माणसांना मिळते. त्या डब्यात लग्नाची निम्मी वरात मावलेली मी पाहिली आहे. २०१९ मध्ये सुरक्षेचे नवे नियम आले, त्या वेळी कंपनीने ती बनवणं थांबवलं.

आमची २०१० सालची, आठ सीटांची. ह्यांच्या ओळखीत कुणी विकत होतं, म्हणून पाच वर्षांपूर्वी हे घेऊन आले. मला ती मुळीच आवडली नव्हती. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. पहिल्यांदा तिच्यातून उतरले तेव्हा सातवीतल्या एका कार्ट्याने विचारलं, "बाई, तुम्हाला कुणी पळवून आणलं?" सिनेमात खलनायक नायिकेला पळवायचे ते याच व्हॅनमधून, हे त्या पोराला बरं ठाऊक! घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, "अहो, जरा नाक असलेली मोटार नसती का मिळाली?" हे म्हणाले, "नाकाचे पैसे वेगळे पडतात."

सासूबाईंना मात्र व्हॅन पहिल्या दिवसापासून आवडली. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. माहेर ओतूरचं, जुन्नर तालुक्यातलं. पूर्वी त्या एकट्या जायच्या. आंबिवलीहून लोकलने कल्याण, स्टेशनबाहेरून एस.टी., आणि मुरबाड-माळशेजमार्गे थेट ओतूर. पण स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या आणि एस.टी.ची ती उंच पायरी गुडघ्यांना झेपेना, तसं माहेर सुटलं. चार वर्षं झाली. त्या बोलायच्या नाहीत. पण श्रावण लागला की खिडकीशी जास्त बसायच्या.

व्हॅनचं दार बाजूला सरकतं. खांबाला धरायचं, सीटच्या कडेला टेकायचं आणि मग पाय आत घ्यायचे. मैत्रिणींनो, घरात कुणाचे गुडघे दुखत असतील तर एक सांगते. जुना लाकडी पाट घ्या, त्याच्या खालच्या बाजूला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ठोका आणि तो व्हॅनमध्ये ठेवून द्या. उतरता-चढताना तोच पायरी होतो आणि फरशीवर सरकत नाही. वरच्या बाजूलाही एक पट्टी मारा. पावसाळ्यात ओल्या चपलेने पाय घसरतो.

तर गेल्या वर्षी व्हॅनची १५ वर्षं भरत आली. नोंदणी पुन्हा करायची तर तपासणी आली. फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० वरून ५००० रुपये झालेली, वर पर्यावरणाचा कर, दोन टायर, रंगाचा हात. ह्यांनी वहीत बेरीज मांडली आणि म्हणाले, "विकून टाकू." मीही मान डोलावली. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. सासूबाई आतल्या खोलीत भाजी निवडत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत.

त्याच आठवड्यात ओतूरहून फोन आला. ह्यांचे मामा, म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ, वर्षभरापूर्वी अर्धांगाचा झटका येऊन अंथरुणाला खिळलेले. बोलणं पुरतं कळत नाही. पण चार दिवस सारखं "अक्का, अक्का" करताहेत म्हणून भाच्यांनी, म्हणजे ह्यांच्या मामेभावांनी, कळवलं. फोन ठेवून सासूबाई एवढंच म्हणाल्या, "विकायच्या आधी एकदा नेता का रे मला?"

शनिवारी पहाटे पाचला निघालो. पावसाळ्यात माळशेजला सहलीची गर्दी फार, ती व्हायच्या आत घाट ओलांडायचा होता. मोहोन्याच्या बाजारातून शहाडला आणि तिथून मुरबाड रस्त्याला. रायत्याच्या पुलावर उल्हास नदी गढूळ, दोन्ही काठांना भिडलेली. व्हॅनच्या मागच्या दोन सीटा समोरासमोर आहेत. एकीवर मुलं, दुसरीवर मी आणि डबे. सासूबाई पुढे, ह्यांच्या शेजारी. खाली इंजिन तापतं ना, उन्हाळ्यात तिथे बसवत नाही. पण त्या श्रावणातल्या गारठ्यात त्यांचं म्हणणं, "गुडघ्यांना आयता शेक बसतो!"

मुरबाड मागे पडलं, सरळगाव, टोकावडे गेलं, आणि डोंगर अंगावर आले. वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाची वाट वर जाते. सातवाहनांच्या काळापासूनची ही व्यापाराची वाट, जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण अजून घाटमाथ्यावर आहे. शाळेत दरवर्षी शिकवते, म्हणून मुलांना सांगू लागले. दोघंही झोपली होती.

आणि घाटाच्या निम्म्यात व्हॅनने दम टाकला. तापमानाचा काटा वर, गरम वास, सीटखालून वाफ. ह्यांनी बाजूला घेतली.

"अहो, निघताना पाणी बघितलंत ना?"

"तू बघितलं असशील असं वाटलं."

"मला वाटलं, तुम्ही!"

दोष व्हॅनचा नव्हता, आम्हा नवराबायकोचा होता. समोर धुकं इतकं, की दहा हातांवरचा कठडा दिसेना. दरडी कोसळणारा घाट, फोनला रेंज नाही. पोरं उठली आणि धाकटी रडायला लागली. सासूबाईंना हळूहळू उतरवून पुढची सीट उचलली. हे झाकणाला हात घालणार तोच त्या म्हणाल्या, "अरे, वाफ कोंडलेली असताना कुकर उघडतोस का? निवू दे." पाऊण तास निवू दिलं. तेवढ्या वेळात वळणावर कणसं भाजणारी एक बाई आली आणि तिने पाण्याचा कॅन दिला. पैसे म्हणून घेईना. मग आम्ही सहा कणसं घेतली, त्याचे घेतले.

तेव्हा माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. पुढे नाक नाही म्हणजे समोरून धडक बसली तर मध्ये आपले गुडघेच. नव्या ईकोला एअरबॅगा असतात, हिला काही नाही. म्हणून आम्ही ६० च्या वर जात नाही, मुलांना पुढे बसवत नाही आणि पुढच्या दोघांचा पट्टा सुटत नाही. पण त्याने काळजी कमी होते, संपत नाही. व्हॅनचं कौतुक सांगायला बसले आहे, तरी हे लपवणं मला बरं वाटत नाही.

माथ्यावर आलो आणि धुकं विरलं. पिंपळगाव जोग्याच्या धरणाचं पाणी पसरलेलं, पलीकडे हरिश्चंद्रगडाचे डोंगर. इथे कोकण सरून देश लागतो. भाताची खाचरं गेली, बाजरी आली, कांद्याच्या चाळी दिसू लागल्या. मढ, डिंगोरे येईपर्यंत सासूबाईंची भाषासुद्धा बदलली. 'इकडे-तिकडे'चं 'हिकडं-तिकडं' झालं आणि प्रत्येक घराकडे बोट दाखवून त्या कुणाची कोण ते सांगू लागल्या.

मामांनी बहिणीला ओळखलं. बरा असलेला हात त्यांनी असा धरला की चहा होईपर्यंत सोडला नाही. दोघं फारसं बोलली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा काहीतरी पुन्हा पुन्हा सांगू लागले. आम्हाला कळेना, सासूबाईंना कळलं. "कपर्दिकेश्वराला जायचं म्हणतोय."

मांडवी नदीकाठचं हे ओतूरचं जुनं देऊळ. श्रावणी सोमवारी तिथे कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात, मोठी जत्रा भरते. मामा तरुणपणी त्या तांदळाची पोती वाहायचे. आता चौदा महिन्यांत त्यांनी घराचा उंबरा ओलांडला होता तो फक्त दवाखान्यासाठी. मामेभाऊ ओशाळून म्हणाले, "वहिनी, आमची मोटार उंच, दार अरुंद. दोनदा प्रयत्न केला. दादांना वळवून आत घेताच येत नाही."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता उठून व्हॅन अंगणात लावली.

चौघांनी मामांना खुर्चीसकट दारापर्यंत आणलं. दार पूर्ण सरकवलं, पाट ठेवला आणि दोघांनी आतून, दोघांनी बाहेरून धरून त्यांना अलगद मागच्या सीटवर सरकवलं. समोरच्या सीटवर सासूबाई. त्यांनी भावाच्या गुडघ्यांवर दोन्ही हात दाबून धरले, वळणावर तोल जाऊ नये म्हणून. जेमतेम दहा मिनिटांचा रस्ता. व्हॅन बैलगाडीच्या चालीने गेली.

मामांना उतरवायचा प्रश्नच नव्हता. देवळाकडे तोंड करून व्हॅन लावली आणि दार सताड उघडलं. रिमझिम चालू होती. मामा कळसाकडे बघत राहिले. पुजाऱ्यांनी तीर्थ दारापर्यंत आणून दिलं. मग मामांनी हात दुसऱ्या दिशेला केला. शेत! चिखलात चाकं रुततील म्हणून बांधाच्या अलीकडेच थांबलो. मामांनी बराच वेळ बाजरी पाहिली आणि स्पष्ट म्हणाले, "तण वाढलंय." मामेभाऊ हसायला गेले आणि त्यांना हसता येईना.

परतताना घाटात सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं, झोप लागली. शहाड आल्यावर त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढून ह्यांच्या मांडीवर ठेवलं. वर्षानुवर्षांची भाऊबीज साठवलेली, ५००० रुपये आणि वर थोडे. "नोंदणीचे," म्हणाल्या. हे नको नको म्हणत होते. मी ते पाकीट उचलून माझ्या पर्समध्ये ठेवलं. एखादीला आपल्या पैशाने माहेरी जावंसं वाटलं तर त्यात नको म्हणण्यासारखं काय आहे?

दोन टायर घातले, दिवे नीट केले, रंगाचा हात दिला. तपासणीत पास झाली आणि आणखी पाच वर्षांची मुदत मिळाली. त्या भाऊबीजेला ओतूरला जाऊन आलो. मामा आता काठी धरून ओट्यापर्यंत येतात. यंदाही जायचं आहे, पहाटे पाचला. पाणी आदल्या रात्री मी बघणार आहे आणि सकाळी हे बघणार आहेत. दोघांनी वेगवेगळं बघायचं, असा सासूबाईंचा हुकूम आहे.