वाघ्याचं नाक

बुरोंडी म्हटलं, की पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला परशुरामांचा भव्य पुतळा डोळ्यांपुढं येतो, आणि पाठोपाठ बंदरावरच्या मासळीचा वास! दापोलीहून एस.टी.नं जाऊन गेल्या फेब्रुवारीत आम्ही उभयता तिथं चार दिवस राहिलो. मुक्काम सौभाग्यवतीच्या मामांकडे.

मामांच्या अंगणात पाय टाकला तर वाघ्या साखळीला! एरवी हा तांबूस गावठी कुत्रा फाटकापर्यंत स्वागताला यायचा.

"गुन्हेगार आहे तो, जावईबापू," मामा खिन्नपणे म्हणाले. "कासवाचं घरटं उकरलान त्यानं. एक अंडं शिल्लक ठेवलं नाही."

बुरोंडीला लागूनच लाडघरचा किनारा. नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत येते, हात-दीड हात खोल खड्डा करून शंभरएक अंडी घालते, वाळू लोटते आणि मागं वळून न पाहता समुद्रात जाते. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं तिला वाघाइतकंच संरक्षण दिलं आहे. पण कोल्ह्या-कुत्र्यांनी कायदा कुठं वाचलाय? म्हणून गावोगावचे कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालतात, अंडी काढून कुंपणातल्या वाळूत पुरतात आणि पिल्लं निघाली की समुद्रात सोडतात. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेनं २००२ साली हे काम सुरू केलं. आता ते या किनाऱ्यावर बरंच पसरलं आहे.

रात्री जेवताना मी माझं पुस्तकी ज्ञान पाजळलं. म्हटलं, "मामा, वाघ्याचं नाक वाईट नाही, त्याला वळण नाही. आपल्या देशात २००८पासून वनखात्यांसाठी कुत्री तयार होताहेत. आधी भोपाळला, पुढं ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाच्या केंद्रात. वाघाचं कातडं, हाडं, हस्तिदंत पेटीत दडवलेलं असलं तरी ती हुडकतात."

"शिकवतात कशी?" मामांचा हात ताटातच थांबला.

"खेळातून. तो वास सापडला, की आवडता चेंडू मिळतो. मग वास लपवायचा, दुसऱ्या वासांत मिसळायचा. कुत्र्याला वाटतं, आपण चेंडूच शोधतोय! आणि मुख्य म्हणजे सापडल्यावर उकरायचं नाही, गप्प बसायचं. एका कुत्र्याला दोन माणसं नेमलेली, आणि महिनोन्‌महिने मेहनत. अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर तर रिडली नावाच्या एका छोट्या टेरियरनं कासवांची घरटी शोधून दिली."

मामा काही बोलले नाहीत. पहाटे मला हलवून उठवलं तेव्हा त्यांच्या एका हातात विजेरी होती, दुसऱ्यात वाघ्याची साखळी.

लाडघरच्या वाळूत कासवमित्र तरुण काठी टोचत हिंडत होता. कुत्रा पाहताच त्याच्या कपाळाला आठी पडली.

"काका, याला कशाला आणलात? आधीच वाऱ्यानं माग पुसलान. खाली पाण्याजवळ पावलं दिसतात, वर काही नाही. तासभर शोधतोय."

"पाच मिनिटं दे. साखळी माझ्या हातात आहे."

वाघ्या नाक खाली घालून निघाला. एकदा मेलेल्या खेकड्यापाशी रेंगाळला, तेव्हा मला हसू आलं. मग मर्यादवेलीच्या कडेला थबकला आणि पुढच्या पंजांनी वाळू उडवू लागला. मामांनी सारा जोर लावून साखळी मागं ओढली. तरुणानं गुडघे टेकून हातांनी वाळू काढली, आणि पांढरीशुभ्र अंडी दिसली! एकेक न फिरवता अलगद उचललं. मोजली तेव्हा एकशे बारा भरली.

मामांनी खिशातून भाकरीचा तुकडा काढून वाघ्याला दिला. अंड्याकडे त्याचं तोंड जाऊ दिलं नाही.

"शाबास!" मी म्हणालो. "आता रोज आणा याला."

तरुणानं मान हलवली. "नाक चांगलं आहे, पण शिकवण अर्धी आहे. खेकड्यालाही थांबला, आणि साखळी सुटली असती तर आज एकशे बारा गेली असती. नीट शिकवणारा माणूस मिळेपर्यंत हंगामात रात्री बांधूनच ठेवा, काका."

मामांचा चेहरा उतरला. माझाही. रात्रीचं माझं व्याख्यान एका पहाटेत अर्धं खरं आणि अर्धं पोकळ ठरलं होतं. कुत्र्याला वास येतो तो जन्मानं. थांबायला मात्र माणसानं त्याच्यामागं महिने घालवावे लागतात. ते न करता त्याला गुन्हेगार म्हणण्यात काय अर्थ?

एप्रिलमध्ये मामांचा फोन आला. त्या घरट्यातून एक्याऐंशी पिल्लं निघून समुद्रात गेली.

"आणि वाघ्या?" मी विचारलं.

"रात्री बांधलेलाच असतो. दिवसा अंगणात चेंडू लपवतो मी. कालपासून सापडला की बसायला लागलाय." मग जरा थांबून म्हणाले, "दहातून तीनदा."