खिशातली साखर

गेली बारा वर्षे आम्ही हाती खडू धरून उभे आहोत. वर्गात पेंगणारा विद्यार्थी का पेंगतो हे आपणांस दुरूनच ओळखता येते, असा आमचा समज होता. जत्रेतल्या नाटकाचे जागरण, पावसाळी सुस्ती आणि आमचे व्याकरण, ही तीन कारणे आम्हांस पुरेशी वाटत. चौथे कारण आठवीतल्या एका मुलाने शिकविले; त्या शिक्षणाचे मोल मात्र त्यालाच द्यावे लागले.

मधल्या सुट्टीपूर्वीचा तास होता. समासांचा विग्रह चालला होता. एरवी शांत असणारा हा मुलगा प्रश्न विचारताच काहीतरी तुटक, उर्मट असे पुटपुटला. आम्ही त्यास उभे केले. त्याच्या कपाळावर घाम होता, हात थरथरत होते. ते भीतीने, असे आम्ही ठरवून टाकले. शेजारच्या मुलाने त्याच्या खिशातून साखरेची पुडी काढली, तेव्हा 'वर्गात खाणे नाही' म्हणून आम्ही ती हिसकावून घेतली.

"सर, त्याची साखर उतरलीय!" तो मित्र अक्षरशः ओरडला.

सुदैवाने मुलाला गिळता येत होते. तीच पुडी पाण्यात विरघळवून आम्ही त्याला पाजली. पंधरा मिनिटांनी त्याने तोंड पुसले आणि वहीत तारीख घातली.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. आमचीही घरची बोली कोंकणीच, तेव्हा आडपडदा उरला नाही. "सर, म्हजो भुरगो आळशी न्हय," एवढे बोलून ती रडू लागली. आधीच्या एका शाळेने 'जबाबदारी घेणार नाही' असे सांगितल्यापासून तिने हा आजार लपविला होता. मुलगा शौचालयात दार लावून इन्सुलिन टोचून घेई. आमच्या शाळेच्या शौचालयात!

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. स्वादुपिंड हा शब्द आम्हांस केवळ तत्पुरुष म्हणून ठाऊक. मग वाचले, डॉक्टरांस विचारले. मुलांचा हा मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच इन्सुलिन घडविणाऱ्या पेशी नष्ट करते. १९२२ च्या जानेवारीत टोरोंटो येथे १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन मिळाले. तोवर अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून दिवस मोजण्यापलीकडे उपाय नव्हता. परंतु इन्सुलिन घेऊन जेवण लांबले वा खेळ अधिक झाला, तर रक्तातील साखर ७० च्या खाली येते. मग घाम, कंप, चिडचीड, असंबद्ध बोलणे. म्हणजे ज्यास आम्ही उर्मटपणा म्हणालो ते. उपाय तीन लहान चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम साखर, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवून १०८ ला दूरध्वनी. बारा वर्षांत हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते, हे खरे. आम्ही विचारलेही नव्हते.

आता तो शिक्षकांच्या खोलीत, पंख्याखालच्या खुर्चीवर बसून सुई घेतो. वर्गाला सारे ठाऊक आहे. कवायतीनंतर त्याच्याकडे लक्ष ठेवण्याच्या पाळ्याही मुलांनीच लावल्या आहेत. साखर केव्हाही खाण्याची त्याला मोकळीक आहे, हे आम्ही अनेकदा सांगितले. तरीही पुडी सोडण्यापूर्वी तो एकदा आमच्या चेहऱ्याकडे पाहतो.