गरी, जळवा आणि बाबा

‘रिसॉर्ट’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? स्विमिंग पूल, बुफे, स्पा... माझ्याही तेच आलं. त्यामुळे मिनिआपोलिसहून दादाचा फोन आला, ‘‘आई-बाबांना घेऊन ये, जूनमध्ये आठवडाभर लेकवरचं रिसॉर्ट बुक केलंय,’’ तेव्हा मी लगेच दोन नवे ड्रेस घेतले. ते घडी न मोडता परत आले, ही गोष्ट वेगळी!

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या गाड्यांच्या नंबर प्लेटवर ‘दहा हजार तळी’ असं लिहिलेलं असतं. मोजली तर तळी त्याहून जास्तच भरतात. उन्हाळ्यात शुक्रवारी दुपारी ऑफिसं रिकामी होतात आणि सगळे उत्तरेकडे पळतात. त्याला तिथे नुसतं ‘अप नॉर्थ’ म्हणतात. आपला एक्स्प्रेसवे आणि लोणावळा आठवा, फक्त भजी नाहीत आणि प्रत्येक तिसऱ्या गाडीमागे एक बोट!

आमचा मुक्काम होता वॉकर नावाच्या टुमदार गावाजवळ, लीच लेकच्या काठावर. लीच म्हणजे चक्क जळू. हा मुलूख ओजिब्वे या मूळ रहिवाशांचा, तळ्याचा मोठा भाग आजही त्यांच्या राखीव प्रदेशात येतो आणि त्यांच्या भाषेतल्या नावाचा अर्थही जळवांची जागा असाच आहे. तळं कसलं, चारशे चौरस किलोमीटरहून मोठा समुद्रच तो! पलीकडचा काठ दिसतच नाही. रिसॉर्ट म्हणजे लाकडी केबिन्स, एक लांब धक्का, मासे साफ करायची खोली आणि ढीगभर डास. शनिवार ते शनिवार असं बुकिंग. टीव्ही नाही, मोबाइलला नेटवर्कची एकच कांडी. पहिल्या दिवशी मी ती कांडी शोधत धक्क्यावर येरझाऱ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी फोन कुठे ठेवलाय तेच आठवेना.

आता खरी गोष्ट. दादा अकरा वर्षांपूर्वी एमएस करायला गेला, ‘दोन वर्षांत येतो’ म्हणून. मागच्या दिवाळीत त्याने सांगितलं की तिकडे घर घेतलंय. तेव्हापासून बाबा फोनवर एवढंच म्हणायचे, ‘‘बरा आहे. आईशी बोल.’’ भांडण नाही, तंटा नाही. पण घरात एक खोली बंद करून ठेवावी, तसं काहीतरी.

इथे लोक येतात ते मुख्यतः वॉलाय नावाच्या माशासाठी. १९६५पासून तो मिनेसोटाचा राज्यमासा आहे. मांजरासारखा त्याच्या डोळ्यांतही प्रकाश परतवणारा पडदा असतो, त्यामुळे त्याला अंधुक उजेडात छान दिसतं आणि पहाटे किंवा सूर्य बुडताना तो गळाला लागतो. त्याला आमिष कशाचं? जळवांचं! दादाने दुकानातून डझनाच्या हिशेबाने आणलेल्या जळवांचा डबा फ्रिजमध्ये श्रीखंडाशेजारी ठेवला. आईने उरलेला आठवडा तो फ्रिज उघडला नाही.

पहिल्या संध्याकाळी बोटीत आम्ही तिघंच. दादा गळाला गाठ मारतोय, ती सुटतेय. पुन्हा मारतोय, पुन्हा सुटतेय. बाबा समोर बघत गप्प. शेवटी त्यांना राहवलं नाही.

‘‘गरी अशी नाय बांधूची!’’

बाबांचं बालपण मालवणातलं. तीस वर्षं बँकेत काढली, पण त्याआधी शाळा चुकवून ते खाडीवर गरवायला जायचे, हे आम्हाला त्या बोटीत कळलं. तीन वेढे, एक पीळ, थुंकी लावून ओढलं... गाठ पक्की. मग दादाने पुन्हा एकदा ‘कशी ते दाखवा ना’ म्हटलं. खरं तर त्याला जमली होती. मी पाहिलं होतं.

त्यानंतर रोज पहाटे पाचला आणि रात्री जेवणाआधी ते दोघं बोटीत. तिकडे जूनमध्ये सूर्य नऊनंतर मावळतो, म्हणजे वेळच वेळ. बोटीतली गंमत अशी की एकमेकांकडे बघावं लागत नाही. दोघांचे डोळे दोरीवर आणि बोलणं आपोआप सुरू. माझा पुतण्या धक्क्यावरून गांडूळ लावून छोटे सनफिश पकडायचा आणि प्रत्येक माशाला ‘आजोबा, बघा!’ ओरडायचा. रात्री लून पक्षी ओरडला की अंगावर काटा यायचा. कुणी हसतंय की रडतंय तेच कळत नाही.

गुरुवारी बाबांना हाताएवढा लांब वॉलाय लागला. दादा म्हणाला, ‘‘एवढ्या मोठ्या बहुतेक माद्या असतात, अंडी त्याच घालतात. आम्ही त्यांना सोडतो.’’ बाबांनी तिला दोन्ही हातांत धरून पाण्यात ठेवलं, ती सुळकन गेली. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बाबांनी विचारलं,

‘‘घराचा हप्ता किती बसतो रे? व्याज काय दराने लावलंय?’’

बँकवाल्या बाबांच्या भाषेत यापेक्षा प्रेमाचं वाक्य नाही. दादाने सगळा हिशेब सांगितला. बाबांनी दोन चुका काढल्या. मी तळ्याकडे बघत राहिले, कारण डोळ्यांत डास गेला होता... असं म्हणूया.

त्या रात्री लहान मासे रव्यात आणि मालवणी मसाल्यात घोळवून तळले. शेजारच्या केबिनमधले आजोबा वासाने ताट घेऊनच हजर!

जायचंय?

* मिनिआपोलिसहून वॉकर गाडीने साडेतीन तासांच्या आसपास. मोठ्या माणसांना मासेमारीचा परवाना लागतो, तो ऑनलाइन मिळतो.
* किती आणि केवढे मासे ठेवायचे, याचे नियम तळ्यागणिक बदलतात. आधी वाचा.
* शिशाची वजनं टाळा. ती गिळून लून मरतात.
* उरलेल्या जळवा कचऱ्यात टाका, तळ्यात नाही. बोट बाहेर काढली की तळाचं बूच उघडून पाणी काढून टाका.
* डासांचं मलम न्या. नवे ड्रेस नकोत. बाबांना मात्र नक्की न्या.