शेरा

२०१७ ते २०२२ मी पंचायत समितीचा सदस्य होतो. गण नांदेड जिल्ह्यातला. निवडून आल्या आल्या मी लेटरहेड छापून घेतली आणि त्यातली पंचवीस-तीस कोरीच सह्या करून कार्यकर्त्यांकडे ठेवली. मी गावात नसलो तरी कुणाचं काम अडू नये म्हणून. त्यांवर पुढं काय काय लिहिलं गेलं, ते आजही मला सांगता येणार नाही.

पण सलतो तो एक फोन.

मतदानाच्या दिवशी माझा बूथ सांभाळलेला एक गडी होता. घर पत्र्याचं, पावसाळ्यात आत बादल्या मांडलेल्या. त्याला घरकुल मिळायलाच हवं होतं, यात आजही दुमत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या यादीत त्याचं नावही होतं, फक्त गावाच्या त्या वर्षीच्या उद्दिष्टाच्या एक नंबर खाली. मी ग्रामसेवकांना फोन लावला. "आपला माणूस आहे, बघा जरा." पैसा नाही, दमदाटी नाही. नियम मोडा असंही म्हणालो नाही.

त्यांनी बघितलं. वरच्या एका बाईच्या नावापुढं शेरा पडला : 'जागा उपलब्ध नाही.' शेरा खोटा नव्हता. ती भावकीच्या जागेत राहायची, नावावर काहीच नव्हतं. विचारायला गेलं तरी घराला कुलूप. ती टोळीसोबत ऊसतोडीला गेलेली. माझ्या माणसाला पहिला हप्ता पडला. पेढे मी खाल्ले.

अशा भूमिहीनांसाठीच पंडित दीनदयाल उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. तेव्हा जागेसाठी ५० हजारांपर्यंत मदत मिळायची. मला ती ठाऊक होती, मासिक सभेत मी तिच्यावर तावातावानं बोललोही होतो. पण बाई माझ्या ओट्यावर आली नव्हती. जो आला, त्याचं मी केलं.

गंमत म्हणजे त्याच काळात मी स्वतःला फार स्वच्छ समजत होतो. तुमच्या पैशावर ठेका घेऊ, असं मेहुणा म्हणाला तेव्हा १९६१ च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती कायद्यावर बोट ठेवून मी त्याला हात जोडले. ठेक्यात आडून हिस्सा ठेवला तरी सदस्यपद जातं. 'बघा जरा' म्हटल्यानं ते जात नाही. दप्तर दिरंगाईचा २००५ चा कायदाही मी पंचायत समितीतल्या साहेबांना घडीघडी ऐकवायचो : सात दिवस झाले, फाईल का हलत नाही? ते विचारणं माझं कामच होतं. कुणाची आधी हलवा हे सांगणं माझं काम नव्हतं, आणि एकाच फोनवर मी दोन्ही बोलायचो.

उन्हाळ्यात बाई आली. भांडायला नाही. "दादा, आमचं नाव मागं कसं काय गेलं ओ?"

माझा हात सवयीनं लेटरहेडकडं गेला. 'सदर महिलेस प्राधान्य द्यावे' इतकं लिहूनही झालं. मग कागद तसाच ठेवला, ग्रामसेवकांना बोलावलं आणि अख्खी यादी वाचायला लावली. तिच्याही वर आणखी दोन नावं होती. त्यांच्यापुढं तोच शेरा, अक्षरही तेच. त्यांतल्या एकालाही मी ओळखत नव्हतो.