मी आलो, मी आले

परक्या भाषेतील कथा वाचताना जी अडचण जाणवत नाही, ती तीच कथा मराठीत कुणाला सांगू लागताच समोर उभी राहते. गेली काही वर्षे लिंगपालटाच्या कथा सांगणारी वेबकॉमिक्स मी आवडीने वाचते. वेबकॉमिक म्हणजे इंटरनेटवर पानापानाने, क्रमशः प्रसिद्ध होणारी चित्रकथा. तिच्यातील एखादा मुलगा जादूने, शापाने किंवा यंत्राच्या करामतीने मुलगी होतो, आणि मग पुढे काय होते, हा या कथांचा गाभा. वाचताना सारे सुरळीत चालते. पण कुणी ‘काय वाचतेस?’ असे विचारले आणि मी गोष्ट सांगू लागले, की पहिल्याच क्रियापदापाशी अडखळते.

ख्रिस हेझल्टन यांचे ‘मिसफाइल’ हे अमेरिकन वेबकॉमिक २००४ साली सुरू झाले. स्वर्गातील नोंदी सांभाळणाऱ्या एका देवदूताच्या हातून दोन माणसांच्या फायलींत घोटाळा होतो. चित्रगुप्ताच्या दप्तरात गोंधळ व्हावा, तसाच हा प्रकार. त्यामुळे ॲश नावाचा तरुण एका सकाळी जागा होतो तो मुलीच्या देहात. घरचे, शाळेतले, गावातले सारे तिला जन्मापासूनची मुलगीच समजतात. त्याच घोटाळ्यात एमिली नावाच्या मुलीच्या आयुष्याची दोन वर्षे पुसली जातात, म्हणून ॲशखेरीज तिलाही खरे काय ते ठाऊक असते. इंग्रजीत ॲशच्या स्वतःविषयीच्या बोलण्यात काहीच पालटत नाही. कालचा ‘आय’ आजही ‘आय’च असतो. मराठीत मात्र ॲशने तोंड उघडले की निर्णय करावा लागतो. ‘मी उठलो’ की ‘मी उठले’? पहिले रूप निवडले तर सारे जग तिला खोटे ठरवील. दुसरे निवडले तर तिची स्मृती खोटी ठरेल. कथेचा सारा पेच मराठीच्या एका प्रत्ययात येऊन बसतो.

हा प्रत्यय माझ्या चांगलाच परिचयाचा आहे. माझे बालपण कोल्हापूर जिल्ह्यातील एका खेड्यात गेले. तिकडच्या बोलीत बायका आणि मुलीही ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे म्हणतात. आजी तसेच बोलत असे, आई तसेच बोलत असे आणि मीही. त्या बोलण्यात पुरुषीपणाचा भास कुणालाच होत नव्हता. पुढे शिक्षणासाठी पुण्यास आले आणि वसतिगृहातल्या पहिल्याच आठवड्यात ‘मी जेवलो’ या माझ्या वाक्यावर खोलीभर हशा पिकला. त्यानंतर कित्येक महिने प्रत्येक वाक्य मनात जुळवून मगच मी ते उच्चारीत असे. देह तोच होता, नाव तेच होते; बदलत होता तो क्रियापदाचा शेवटचा स्वर. सुट्टीत गावी गेल्यावर तोंडून ‘आले’ निघाले की आजी म्हणे, ‘शहरातली झालीस गं.’ बाईपणाचे कितीतरी भाग आपण असे कानाने शिकतो, आणि एका गावात शिकलेले दुसऱ्या गावात पुन्हा शिकावे लागतात. म्हणूनच या चित्रकथांतील पात्र रूप पालटल्यावर कसे दिसते यापेक्षा ते कसे बोलते, याकडे माझे लक्ष आधी जाते.

या वेबकॉमिक्सच्या आधीची, त्यांच्यापैकी अनेकांच्या वाचकांना परिचित असलेली एक थोर कथा जपानी आहे. रुमिको ताकाहाशी यांची ‘रान्मा १/२’ ही चित्रकथा १९८७ ते १९९६ या काळात एका साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. चीनमधील एका शापित झऱ्यात पडल्यापासून रान्मा या तरुणावर थंड पाणी पडले की तो मुलगी होतो आणि गरम पाणी पडले की पुन्हा मुलगा. जपानीत क्रियापदाला लिंग नसते. परंतु ‘मी’ या अर्थाचे शब्द अनेक आहेत आणि त्यांतील काही पुरुषी, काही बायकी समजले जातात. कुणाला फसवायचे नसेल, तर रान्मा मुलीच्या देहातही ‘ओरे’ हा रांगडा पुरुषी ‘मी’ सोडीत नाही. देह पाण्यासरशी बदलतो, ‘मी’ बदलत नाही, आणि या विसंगतीतून ताकाहाशी हसू फुलवतात. आजीचे ‘मी आलो’ कानात असल्यामुळे मला त्या ‘ओरे’ची गंमत अधिकच वाटते.

स्कॉट मॅक्लाउड यांनी ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ या १९९३ सालच्या पुस्तकात दाखवून दिले आहे की, चित्रकथेतील बरीचशी कृती दोन चौकटींमधील रिकाम्या जागेत, म्हणजे खरे तर वाचकाच्या मनात घडते. लिंगपालटही अनेकदा तेथेच घडतो. एका चौकटीत मुलगा, पुढच्या चौकटीत मुलगी. मधली पट्टी कोरी. त्या कोऱ्या पट्टीनंतर चित्रकार पहिली रेघ कशाची ओढतो, यावरून त्याची स्त्रीविषयीची कल्पना कळून येते. सामान्य प्रतीच्या कथांत ती रेघ आरशाची असते. पात्र आरशापुढे उभे राहते, लाजते, कपाटातल्या कपड्यांशी झगडते. आणि चार पानांत ते हळवे होते, खरेदीला निघते, मुलांकडे चोरून पाहू लागते. जणू स्त्रीत्व हा देहाबरोबर आयता मिळणारा संच आहे. आरशापुढे मुलगी उभी असते, परंतु पाहणारे डोळे पुरुषाचेच राहतात. ‘मिसफाइल’ या वाटेने फार दूर जात नाही, हे त्याचे मोठेपण. ॲशचे मोटारींचे वेड देहाबरोबर नाहीसे होत नाही. डोंगररस्त्यावर गाडी पिटाळणारी ॲश आणि काल गाडी पिटाळणारा ॲश यांच्या हाताची पकड एकच असते.

आपल्याकडचा एक प्राचीन कथाकारही आरशापाशी थांबला नव्हता. महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला भंगास्वन राजाची कथा सांगतात. इंद्राच्या रोषामुळे वनात भरकटलेला हा राजा सरोवरात स्नान करतो आणि स्त्री होऊन बाहेर येतो. घोड्यावर आता कसे चढावे आणि नगरात कसे जावे, या तिच्या पहिल्या चिंता. राज्य शंभर पुत्रांवर सोपवून ती वनात जाते. तेथे एका तापसापासून तिला आणखी शंभर पुत्र होतात. इंद्र त्या दोन्ही गटांत कलह लावतो आणि सारेच मारले जातात. पुढे प्रसन्न झालेला इंद्र विचारतो, यांतील कोणते पुत्र जिवंत करू? स्त्री म्हणून ज्यांना जन्म दिला ते, असे ती सांगते. आणि पुन्हा पुरुष होण्याचा वरही नाकारते. स्त्रीची माया अधिक, स्त्रीचे सुख अधिक, ही तिची कारणे त्या काळच्या समजुतींतून आलेली आहेत, हे उघड आहे. तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. तू कोण राहणार, हा प्रश्न तिला विचारला जातो, आणि त्याचे उत्तर दुसरे कुणी तिच्या वतीने देत नाही.

हा प्रश्न सावकाश विचारण्याची एक सोय वेबकॉमिकला लाभली आहे, ती म्हणजे काळ. डॅन शाइव्ह यांचे ‘एल गुनिश शाइव्ह’ २००२ साली सुरू झाले आणि दोन दशकांहून अधिक काळ चालत राहिले. आरंभी रूपांतर करणारी बंदूक हे त्यात मुख्यतः विनोदाचे साधन होते. पुढे एका जादूच्या हिऱ्यामुळे एलियट या मुलापासून एलन ही मुलगी स्वतंत्रपणे निर्माण होते. तिच्या साऱ्या आठवणी एलियटच्या, म्हणजे मुलगेपणाच्या असतात. विनोद संपताच असे पात्र पुसून टाकणे सोपे होते. तसे घडत नाही. एलन त्या घरात राहते, एलियटची बहीण होते, आपले आयुष्य उभारते. ज्या टेडला त्या बंदुकीचा भारी शौक, त्यालाही पुष्कळ वर्षांनी उमगते की, आपली लिंगओळख एका जागी स्थिर नाही. जो विनोद वाटला होता त्याच्या तळाशी एक प्रश्न होता, हे पात्राला कळते आणि त्याच्याबरोबर वाचकालाही.

जादू अजिबात नसलेली एक कथाही या मालिकेत मोडते. जोसलिन समारा डीडोमेनिक या स्वतः ट्रान्स स्त्री असलेल्या चित्रकर्तीचे ‘रेन’ हे वेबकॉमिक २०१० साली सुरू झाले. मुलगा म्हणून वाढवलेली रेन मावशी-आत्याच्या वयाच्या एका मायाळू नातलग स्त्रीच्या आधाराने, मुलगी म्हणून शाळेत जाऊ लागते. येथे पट्टीच्या अलीकडे मुलगा आणि पलीकडे मुलगी असा चमत्कार नाही. येथे रोजची सकाळ आहे, वर्ग आहे, मैत्रिणींना सांगावे की न सांगावे हा धाक आहे. इतर कथांनी जी पट्टी कोरी सोडली, ती ‘रेन’ने पानोपानी भरून काढली.

ती भरताना काय लागते, याची कल्पना मला पुस्तकाबाहेरही आली. मी जेथे शिकवते त्या अभ्यासकेंद्रावर नोकरी सांभाळून येणारी एक व्यक्ती होती. नोंदणी मुलाच्या नावाने होती. दोन वर्षे मी तिचे बोलणे ऐकत होते. ‘मला उशीर होईल’, ‘माझे वाचून झाले आहे’, ‘मी प्रश्न सोडवले’ अशी ती वाक्ये. व्याकरण शिकवणाऱ्या कानाला त्यांतील कसरत उशिरा का होईना, ऐकू आली. मराठीत सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्माच्या मागे जातो, त्यामुळे बोलणाऱ्याचे लिंग झाकले जाते. ‘मी वाचले’ कोणीही म्हणू शकते. ‘मी आले’ मात्र कोणीही म्हणू शकत नाही. एका रविवारी वर्ग सुरू झाल्यावर दार लोटून ती आत आली आणि सर्वांदेखत म्हणाली, ‘मॅडम, मी आले.’ मी ‘बस’ एवढेच म्हटले आणि धडा पुढे सुरू केला. आज्ञार्थाला लिंग नसते.

लिंगपालटाच्या कथेचे मोल ठरवताना मी आता हेच पाहते. चमत्कार किती नेत्रदीपक आहे, हे गौण. त्यानंतर पात्राला स्वतःचे क्रियापद स्वतः उच्चारण्यास कथा किती अवसर देते, हे मुख्य. भाषा त्या उच्चाराला अडवते, तशी कधी वाटही करून देते. मराठीचा भूतकाळ ‘गेलो’ की ‘गेले’ असे विचारतो, वर्तमानकाळ ‘जातो’ की ‘जाते’ असे विचारतो. ‘मी जाईन’ या भविष्यकाळाला मात्र तसे काही विचारायचे नसते. आजीच्या तोंडी तो तसाच होता, माझ्याही तोंडी तसाच आहे, आणि ॲशची गोष्ट मराठीत सांगताना मी बहुतेक वेळा त्याचाच आधार घेते.