मरुदानल्लूर : वाळूला कान लावणाऱ्याचे गाव

तंजावरला जाणारा मराठी प्रवासी बहुधा ठरलेल्या वाटेने फिरतो. बृहदीश्वराचे भव्य मंदिर, त्याच्या भिंतीवर १८०३ साली कोरून पुरा झालेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख, राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय. एखादा दिवस हाताशी असला तर तो ४० किलोमीटरवरच्या कुंभकोणमला जातो, महामहम तळ्याच्या पायऱ्यांवर बसतो, पितळी पेल्यातली फेसाळ डिग्री कॉफी पितो आणि विड्याच्या पानांची जुडी घेऊन परततो. त्याच कुंभकोणमच्या दक्षिणेला अरसलार नदीचा पूल ओलांडला की थोड्याच अंतरावर एक लहान गाव लागते. त्याचे नाव मरुदानल्लूर. भाताची खाचरे, नारळीची झाडे, केळीच्या बागा. कावेरीच्या खोऱ्यातल्या शेकडो गावांसारखेच हे एक. गावात करुक्कुडी नावाने ओळखले जाणारे जुने शिवमंदिर आहे आणि तमिळ शैव संत संबंदर यांनी त्यावर पदे रचलेली आहेत. पण दूरदूरची माणसे या गावाचे नाव घेताना हात जोडतात ते एका गाणाऱ्या माणसासाठी.

त्यांचे नाव वेंकटरामन. लोक त्यांना मरुदानल्लूर सद्गुरू स्वामी म्हणतात. १७७७ साली जन्मलेले हे स्वामी १८१७ साली गेले. अवघे ४० वर्षांचे आयुष्य! पण दक्षिणेत आज जिथे जिथे पद्धतशीर भजन होते, तिथे सुरुवातीच्या गुरुवंदनेत त्यांचे नाव आल्याशिवाय पुढचे पद उचलले जात नाही.

आवाजावर जडलेला जीव

माणसाचा जीव आवाजावर कसा जडतो, हे आपल्याला नवे नाही. आकाशवाणीवरून बाळ ज. पंडित मराठीतून क्रिकेटचे धावते वर्णन करत, तेव्हा ज्यांनी आयुष्यात मैदान पाहिले नव्हते अशी माणसेही ट्रान्झिस्टरला कान लावून बसत. अमेरिकेत डेट्रॉइट शहरात अर्नी हारवेल नावाचे निवेदक चार दशकांहून अधिक काळ रेडिओवरून बेसबॉलचे सामने सांगत होते. २०१० साली ते वारले, तेव्हा त्यांचे पार्थिव संघाच्या मैदानावरच ठेवण्यात आले आणि दहा हजारांवर माणसे रांग लावून निरोप द्यायला आली. त्यांतल्या बहुतेकांची त्यांच्याशी ओळखही नसेल. ओळख होती ती आवाजाची. उन्हाळ्याच्या संध्याकाळी घराच्या ओट्यावर, मोटारीत, आजारपणात अंथरुणाशेजारी सोबत करणाऱ्या आवाजाची.

मरुदानल्लूरची गोष्ट याच जातीची, पण अधिक नवलाची आहे. इथे ना रेडिओ होता ना ध्वनिमुद्रण. स्वामींचा आवाज कसा होता हे सांगणारा आज कोणी नाही. तरीही दोनशे वर्षे लोटली आणि माणसे त्यांच्यासाठी जमतच आहेत.

तिघे जण, तीन गावे

या भागात एक छोटी त्रिस्थळी यात्राच होते. कुंभकोणमच्या पूर्वेला गोविंदपुरम. तिथे कांची मठाच्या परंपरेतले बोधेंद्र सरस्वती यांची समाधी आहे. ते १६९२ साली समाधिस्थ झाले. देवाचे नाव घेणे हाच सर्वांसाठी सोपा मार्ग, हे त्यांनी ग्रंथांतून आणि गावोगाव हिंडून सांगितले. जवळच तिरुविशनल्लूर. तिथे श्रीधर वेंकटेश अय्यावाळ राहत. हे गाव तंजावरचे भोसले राजे पहिले शहाजी यांनी विद्वानांना अग्रहार म्हणून दिले आणि त्याला शहाजीराजपुरम असे नाव मिळाले. मराठी वाचकाला या दोन ओळींतच घरचा वास येईल.

अय्यावाळांची एक कथा तर ऐकता ऐकता ओळखीची वाटू लागते. घरी श्राद्ध होते. दारात एक भुकेला मनुष्य आला. तो त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातीतला. अय्यावाळांनी ब्राह्मणांसाठी केलेले श्राद्धाचे अन्न त्याला वाढले. गाव खवळले. गंगेत स्नान करून आल्याशिवाय पंक्तीला घेणार नाही, असे ठरले. तेव्हा अय्यावाळांनी गंगेची स्तुती केली आणि ती त्यांच्याच घरच्या विहिरीत उसळून आली, अशी श्रद्धा आहे. आजही कार्तिगै महिन्यातल्या अमावास्येला त्या विहिरीच्या पाण्याने स्नान करायला लोकांची रीघ लागते. पैठणच्या एकनाथांचे श्राद्धाचे पान आठवले नाही, असा मराठी माणूस विरळाच.

या दोघांनंतरचे तिसरे नाव मरुदानल्लूरच्या सद्गुरू स्वामींचे.

वाळूतला नाद

स्वामींच्या काळापर्यंत बोधेंद्रांच्या समाधीची जागा हरवली होती. कावेरीला पूर आला की ती पात्र बदलते, काठ गिळते, वाळूचे थर चढवते. शंभरएक वर्षांत समाधीची खूणही उरली नव्हती. परंपरा सांगते, की स्वामी कोरड्या पात्रात उतरले आणि वाळूला कान लावत हिंडू लागले. जो माणूस जन्मभर नाम घेत होता, त्याच्या समाधीतून नामाचा नाद आल्यावाचून राहणार नाही, एवढीच त्यांची खात्री. एके ठिकाणी वाळूच्या पोटातून त्यांना रामनाम ऐकू आले. मग तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांच्या मदतीने नदीचा ओघ बाजूला वळवून तिथे समाधी बांधली गेली, असे सांगतात.

यातला चमत्कार कुणी मानो वा न मानो, सरफोजींचा काळ मात्र नेमका जुळतो. ते १७९८ ते १८३२ या काळात तंजावरच्या गादीवर होते. १७९९ नंतर राज्याचा खरा कारभार इंग्रजांकडे गेला आणि राजांनी आपले मन ग्रंथ, संगीत, वैद्यक यांत घातले. तलवार म्यान झालेल्या त्या काळात नदीकाठी एका साध्या माणसाने हरवलेला आवाज शोधला, ही गोष्ट लोकांच्या मनात घर करून बसली ती उगीच नव्हे.

सद्गुरू स्वामींची ख्याती नवी पदे रचण्याबद्दल नाही. इतरांची पदे एका सूत्रात ओवणारा म्हणून लोक त्यांना ओळखतात. भजनाला कुठून सुरुवात करायची, गुरुवंदना कधी, जयदेवाच्या अष्टपदी कधी, नारायणतीर्थांचे तरंग कधी, समईभोवती फेर धरून दिव्यनाम कधी म्हणायचे, सकाळी गल्लीतून भिक्षा मागत उंछवृत्ती कशी काढायची आणि राधाकल्याणाचा सोहळा कसा साजरा करायचा, या साऱ्याला त्यांनी क्रम लावला. आजच्या भजनपद्धतीचा पाया त्यांचाच, असे मानतात. त्यांचे समकालीन त्यागराज यांच्या दिव्यनाम आणि उत्सव संप्रदायाच्या रचना याच पद्धतीत मानाने गायल्या जातात.

आपले अभंग, त्यांच्या ओठी

या भजनात संस्कृत आहे, तेलुगू आहे, पुरंदरदासांची कन्नड आहे, तमिळ आहे आणि आपली मराठीही आहे. नामदेव-तुकारामांचे अभंग आणि पुंडलिकवरदाचा गजर कावेरीकाठी ऐकताना क्षणभर आपण कुठे आहोत याचा विसर पडतो.

हे अभंग इथे आले कसे? १६७५च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांची गादी स्थापली आणि ती १८५५पर्यंत टिकली. राजांच्या मागोमाग कारकून, शिलेदार, शास्त्री, कीर्तनकार आले. समर्थ रामदासांचे शिष्य भीमस्वामी यांचा मठ तंजावरला उभा राहिला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर बुवांसारख्या मराठी कीर्तनकारांची कीर्तने तंजावरात गाजली. ती ऐकून तंजावर कृष्ण भागवतर यांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते तमिळ हरिकथेत रुजली. इतकेच काय, तमिळ भागवतर हातात घेतात त्या लाकडी चिपळ्यांना तिथे ‘चिप्ळाकट्टै’ म्हणतात. शब्द घरचा, शेपूट तमिळ!

पुढच्या काळात पुदुक्कोट्टै गोपाळकृष्ण भागवतर यांनी या पद्धतीला जे वळण दिले, तेच आज बहुतेक मंडळांत कानी पडते. १९५०-६०च्या दशकांत मिल्टन सिंगर या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने मद्रास शहरातल्या भजनमंडळांचा अभ्यास केला होता. मोठ्या शहरात नोकरीसाठी आलेली, वेगवेगळ्या गावांची माणसे शनिवारी रात्री भजनात एकमेकांना नमस्कार करतात, गळाभेट घेतात, हे त्याला विशेष वाटले. वारीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, हे पाहिलेल्या आपल्याला त्याचे नवल वाटणार नाही.

गाणे राहिले, गाव रिकामे

मात्र या भक्तीच्या गोडव्यात एक सल आहे. भजन वाढले, पण ज्या अग्रहारांत ते वाढले ते ओस पडत गेले. गेल्या शतकात कावेरीकाठची ब्राह्मण कुटुंबे शिक्षणासाठी, नोकरीसाठी मद्रासला गेली; मुंबईत माटुंगा-चेंबूरला आली; दिल्लीला आणि पुढे परदेशी गेली. जाताना त्यांनी भजन नेले. लाल कौलांची, लांबट ओट्यांची घरे मागे राहिली. कितीतरी घरांना आता कुलूप आहे आणि कितीतरी ठिकाणी सिमेंटची नवी घरे उभी आहेत. उत्सवाचा दिवस आला की मोटारी भरून लोक येतात, गाव गजबजते. दुसऱ्या दिवशी पुन्हा शांत.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. नाम सर्वांचे, असे या तिघांनी सांगितले. अय्यावाळांनी तर त्यासाठी गावाचा रोष पत्करला. तरीही ही भजनपद्धत दीर्घकाळ अग्रहाराच्या चार भिंतींतच राहिली. पुढे बसून पद उचलण्याचा मान बव्हंशी पुरुषांचाच होता. आता स्त्रियांची मंडळे मोठ्या संख्येने गातात, मुलींना रीतसर शिकवले जाते आणि सार्वजनिक सभागृहांत कुणीही येऊन टाळी देऊ शकतो. पण विहिरीच्या कथेतला तो भुकेला पाहुणा भजनाच्या पहिल्या ओळीत येऊन बसला आहे का, हा प्रश्न विचारायलाच हवा. पंढरीच्या वाटेवर चोखोबांच्या पायरीशी आपणही तोच प्रश्न स्वतःला विचारतो.

तिसरी गोष्ट भाषेची. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारही उच्चारांना एकच अक्षर आहे. त्यामुळे तमिळ अक्षरांत छापलेल्या भजनाच्या पुस्तकांत अक्षरांच्या माथ्यावर छोटे आकडे टाकून उच्चार दाखवतात. त्या आकड्यांवर बोट ठेवत मुले तुकोबा शिकतात. अर्थ कुणी समजावला तर ठीक, नाहीतर चालीवरच भागते. उच्चार कधी घसरतो, ‘ळ’ मात्र आपल्यापेक्षा ठसठशीत येतो. आपण हसण्याऐवजी थोडे थांबावे. ज्यांची ही मातृभाषा नाही, त्यांनी ती दोनशे वर्षे पाठ करून जपली. आपल्या घरात किती अभंग तोंडपाठ आहेत, हे एकदा मोजून पाहण्यासारखे आहे.

जायचे असेल तर

चेन्नईहून मयिलादुदुरैमार्गे तंजावरला जाणाऱ्या गाड्या कुंभकोणमला थांबतात. मुक्काम कुंभकोणमलाच करावा. लहानमोठी हॉटेले आणि यात्रेकरूंसाठी उतरायची सोय तिथे भरपूर आहे. मरुदानल्लूर, तिरुविशनल्लूर आणि गोविंदपुरम ही तिन्ही गावे रिक्षाने किंवा भाड्याच्या गाडीने एका दिवसात आरामात होतात. गोविंदपुरमला बोधेंद्रांच्या समाधीखेरीज २०११ साली उभे राहिलेले मोठे विठ्ठल-रुक्मिणी मंदिरही आहे. त्याचे शिखर पाहून मराठी डोळ्यांना बरे वाटते. भाद्रपद पौर्णिमेच्या सुमारास बोधेंद्रांच्या आराधनेची गर्दी असते. ऊन टाळायचे तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. कुंभकोणमचा महामहम दर बारा वर्षांनी येतो. मागचा २०१६ साली झाला, पुढचा २०२८चा.

मरुदानल्लूरचा मठ हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे, नांदते पूजास्थान आहे. वेळ विचारून जावे, फोटो काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी. संगमरवर, रोषणाई, विक्रीची दुकाने यांची अपेक्षा ठेवू नये. तिथे पाहण्यासारखे थोडे आणि ऐकण्यासारखे पुष्कळ आहे.

भजन चालू असेल तर मागे बसावे. एक जण ओळ म्हणतो, बाकीचे तीच ओळ उचलतात. पहिल्याचा श्वास संपतो तिथे दुसऱ्यांचा सुरू होतो. स्वामींचा स्वतःचा आवाज कुणी जपून ठेवला नाही. ठेवता येण्यासारखे साधनही नव्हते. त्यांनी मागे ठेवली ती ओळ उचलून घ्यायची सवय. मुले असतील बरोबर तर त्यांनाही बसवावे, आणि आपल्या ओळखीचा अभंग आला की संकोच न करता सूर मिळवावा. पाहुणा म्हणून कुणी अडवत नाही. उलट उच्चार बरोबर आहे ना, असे शेजारचे आजोबा हळूच विचारतील.