जुन्या मोटारीचे मोल

लिलाव हा शब्द मराठीस पोर्तुगीजांकडून मिळाला असे व्युत्पत्तिकार सांगतात. परंतु त्या शब्दाला चिकटलेली अवकळा मात्र आमची स्वतःची आहे. आमच्या लहानपणी अमक्याच्या घराचा लिलाव झाला असे कानी आले, की घरातील वडील माणसे आवाज खाली आणीत. लिलाव म्हणजे कर्ज, जप्ती, दाराशी उभा राहिलेला बेलीफ आणि ओसरीवर ओळीने मांडलेली तांब्यापितळेची भांडी. कोणाची तरी दशा फिरल्यावाचून लिलाव होत नाही, अशी आमची पक्की समजूत. तेव्हा श्टुटगार्ट येथे नोकरीस असलेल्या आमच्या भाच्याने, आम्ही त्याच्याकडे राहावयास गेलो असता, "मामा, शनिवारी लिलावाला जाऊ," असे सणाचे आमंत्रण द्यावे त्या सुरात सांगितले, तेव्हा आम्ही थोडेसे चपापलोच.

लिलाव जुन्या जर्मन मोटारींचा होता, आणि भाच्याचा डोळा त्यांतील एका १९७२ सालच्या पोर्शे ९१४ वर होता. ही काही श्रीमंतांच्या दिवाणखान्यात मिरविण्याची मोटार नव्हे. १९६९ पासून १९७६ पर्यंत पोर्शे आणि फोक्सवागन या दोघांच्या भागीदारीत ती निघाली, इंजिन फोक्सवागनचे चार सिलिंडरांचे, आणि घराण्यातील खानदानी मंडळींनी तिला पुष्कळ वर्षे सावत्र लेकरासारखे वागविले. याच कारणाने ती पगारदार माणसाच्या आटोक्यात राहिली आहे.

लिलावाच्या आदल्या दिवशी मोटारी पाहण्याची मुभा असते. मुलगी पाहावयास गेलेल्या वरपक्षाने करू नये इतकी बारीक तपासणी आम्ही त्या दिवशी पाहिली. भाच्याने खिशातून कापडात गुंडाळलेले लोहचुंबक काढले आणि ते पत्र्यावरून फिरविले. जेथे ते चिकटेना तेथे रंगाखाली लोखंड नसून पुट्टी आहे, असे त्याने आम्हांस समजाविले. मग इंजिनाच्या कप्प्यात उजव्या बाजूस बॅटरी असते तेथे त्याने विजेरीचा झोत टाकला. या जातीच्या मोटारीत बॅटरीतील आम्ल खाली ठिबकते आणि मागील चाकाचा सांगाडा जेथे जोडलेला असतो तोच भाग गंजाने पोखरून निघतो. वरून रंग लखलखीत, खाली चाळण! शेवटी त्याने इंजिनावर ठोकलेला क्रमांक कागदांतील क्रमांकाशी ताडून पाहिला. मोटार कारखान्यातून ज्या इंजिनासह बाहेर पडली तेच इंजिन तिच्यात आजही असेल, तर तिची किंमत निराळी. दुसरे बसविलेले असेल, ते चालावयास कितीही उत्तम असो, तर निराळी.

हा न्याय आम्हांस प्रथम विपरीत वाटला. नवे ते चांगले आणि दुरुस्त केलेले ते त्याहून चांगले, या विचारावर आमचा संसार चालत आला. परंतु येथे उडालेला मूळ रंग नव्या रंगाहून मोलाचा ठरतो. मोटार पुनःपुन्हा नवी करता येते. मूळची मात्र ती एकदाच असते. ही गोष्ट ध्यानी आली म्हणजे पुढील हिशेब उलगडू लागतो. दारे पक्ष्याच्या पंखांसारखी वर उघडणारी मर्सिडीज ३०० एसएल १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये प्रथम लोकांपुढे आली. तशा बंद मोटारी १,४०० झाल्या आणि त्यांतल्या अवघ्या २९ ॲल्युमिनियमच्या अंगाच्या. त्या २९ ची किंमत इतरांच्या कितीतरी पट. बीएमडब्ल्यूची ५०७ तर तिच्या काळी इतकी महाग पडली की अडीचशेच्या आसपास मोटारी करून कारखान्याने हात टेकले. आज त्याच अपयशामुळे ती दुर्मिळ व म्हणूनच अमोल झाली आहे. माणसांच्या बाबतीत दैवाने असा उलट न्याय केल्याची उदाहरणे थोडी.

या व्यवहारातील सर्वांत मोठी किंमत ज्या मोटारीला आली, तिची हकीकत भाच्याने आम्हांस त्याच शहरातील मर्सिडीजच्या संग्रहालयात सांगितली. १९५५ साली रुडॉल्फ उलेनहाउट या अभियंत्याच्या देखरेखीखाली ३०० एसएलआर जातीच्या दोन बंद मोटारी तयार झाल्या. त्याच वर्षी जूनमध्ये ल मां येथील शर्यतीत याच जातीची एक उघडी मोटार उसळून प्रेक्षकांत शिरली आणि ऐंशींहून अधिक माणसे मृत्यू पावली. वर्षअखेर कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतले. या दोन बंद मोटारी कधीच शर्यतीत उतरल्या नाहीत. उलेनहाउट साहेब त्यांतील एक प्रवासास वापरीत. ५ मे २०२२ रोजी त्याच संग्रहालयात, निवडक निमंत्रितांपुढे, दोहोंपैकी एक साडेतेरा कोटी युरोंस विकली गेली. आलेला पैसा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी राखून ठेवला, ही गोष्ट स्तुत्य. तथापि जी धावलीच नाही तिला सर्वांत अधिक किंमत यावी, हे ऐकून आम्ही बराच वेळ मुकाट्याने चालत होतो.

किमतीचा हा डोलारा किती नाजूक असतो, ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी येथे दिसून आले. पोर्शेच्या सर्व मोटारींची पूर्वज म्हणून सांगितली जाणारी, १९३९ सालची 'टाइप ६४' तेथे लिलावास उभी होती. बर्लिन ते रोम अशा शर्यतीसाठी तशा तीन केल्या होत्या. शर्यत सप्टेंबरात व्हावयाची होती, आणि सप्टेंबरात युद्ध सुरू झाले. इंग्रजीतील तेरा आणि तीस या उच्चारांत घोटाळा होऊन पडद्यावर ३ कोटी डॉलर झळकले, आणि बघता बघता आकडा ७ कोटींवर चढला. सभागृह टाळ्यांनी दणाणले. मग आकडा १ कोटी ७० लाखांवर उतरविण्यात आला, लोकांनी हुर्यो केली, आणि मोटार न विकता परत गेली. पत्रा तोच, इंजिन तेच. क्षणात पाच कोटींहून अधिक डॉलर हवेत आले आणि हवेतच विरले. तिचे १९३९ हे साल अभिमानाने सांगितले जाते. त्या सालाचा उरलेला अर्थ ज्याचा त्याने लावावयाचा असतो.

आता आमच्या ९१४ कडे वळतो. लोखंडाची परीक्षा संपल्यावर मांडणाऱ्याने कागदांची जाडजूड फाइल पुढे ठेवली. विक्रीची मूळ पावती, दुरुस्तीची बिले, आणि या सर्वांच्या तळाशी एक लहानशी वही. पहिल्या मालकाने पेट्रोल भरल्याच्या तारखा, लिटर आणि किलोमीटर तीत सुवाच्य अक्षरांत टिपून ठेविले होते. भाचा ती वही बराच वेळ चाळीत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "बाबांचीही अशीच वही होती."

त्याचे वडील, म्हणजे आमचे मेहुणे, यांनी बजाजच्या चेतक स्कूटरसाठी नाव नोंदविले आणि कित्येक वर्षे वाट पाहिली. ती घरी आली तेव्हा तिला हार घालून पेढे वाटले होते. पुढे मेहुणे वारले आणि स्कूटर जिन्याखाली धूळ खात पडली. ताईने आमचा सल्ला विचारला. आम्ही व्यवहारी माणूस. जागा अडते, गंज चढतो, आता तिचे कोण काय देणार, असे सांगून आम्हीच भंगारवाल्यास बोलाविले. वही डिकीत होती. ती रद्दीत गेली. भाचा त्या वेळी परीक्षेच्या अभ्यासात होता. संध्याकाळी त्याने जिन्याखाली पाहिले आणि काही विचारले नाही. आजवर विचारलेले नाही.

शनिवारी लिलाव झाला. आमच्याकडे 'एकवार, दोनवार, तीनवार' म्हणतात, अगदी तसेच जर्मन लिलाववालाही पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा असे म्हणतो, हे ऐकून आम्हांस उगीच घरच्यासारखे वाटले. भाच्याने आपली मर्यादा आधीच कागदावर लिहून ठेविली होती: वीस हजार युरो. हातोडा पडेल त्या रकमेवर लिलावगृहाची १५ टक्के दलाली आणि दलालीवर १९ टक्के कर, म्हणजे खिशातून साडेतेवीस हजारांवर जाणार. बोली चौदा हजारांपासून चढत गेली. वीस हजारांस हात त्याचा होता. समोरच्या रांगेतील एका वृद्ध गृहस्थांनी एकवीस म्हटले.

लिलाववाला आमच्याकडे पाहू लागला. आयुष्यभर काटकसरीचा उपदेश करीत आलेले आम्ही, आम्हांस कसली भूल पडली कोण जाणे, आम्ही भाच्याच्या कानाशी लागून म्हणालो, "घे वाढवून. वरचे आम्ही देतो."

त्याने आमच्याकडे पाहिले. हे पैसे कशाचे, हे त्याला समजले असावे. हातातला पुठ्ठ्याचा क्रमांक त्याने मांडीवर पालथा ठेवला. "नको, मामा," तो म्हणाला. "ती वही त्यांची आहे."

तिसऱ्यांदा झाले आणि हातोडा पडला. वृद्ध गृहस्थांच्या पत्नीने त्यांचा हात दाबला. त्यांचा आनंद पाहून आम्हांसही बरे वाटले. या लोकांस वेड लागले आहे, असे आता आम्हांस वाटत नाही. जुन्या वस्तूला मोल असते ते तिच्यावर कोणी तरी नीट लक्ष ठेविले होते याचे. आणि कागद जपणारा पहिला मालक जर बेपर्वा निघाला, तर शंभर श्रीमंत एकत्र आले तरी ते मोल मागाहून भरून काढू शकत नाहीत.

परतीच्या आगगाडीत आम्ही धीर करून भाच्यास स्कूटरचा क्रमांक विचारला. आम्हांस तो आठवत नव्हता. त्याने खिडकीबाहेर पाहत, न अडखळता, अक्षरांसह सगळा सांगितला. आम्ही तो लिलावाच्या यादीच्या पाठीवर लिहून घेतला.